ना विद्यार्थी, ना नोकर

इंग्लंडमधल्या एखाद्या मध्यम शहरात राहणारी तिशीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. फिजिक्सची पदवी आहे, तीन वर्षांची मुलगी आहे, नवरा सोबत नाही. सुपरमार्केटमधली नोकरी सोडून तिला शाळेत शिकवायचं आहे. त्यासाठी तिथे ‘पीजीसीई’ नावाचा वर्षभराचा कोर्स करतात, आपल्या बी.एड.चा लांबचा चुलतभाऊ समजा. फी नऊ हजार पौंडांच्या वर. वर्षातले किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत जाऊन काम करायचं, तेही बिनपगारी. मग घरभाडं कशातून भरायचं? मुलगी कुठे ठेवायची?

ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाचा मासिक भत्ता आहे. २०१३ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याचा पहिला नियम: पूर्णवेळ विद्यार्थ्याला हा भत्ता नाही. दुसरा नियम: पण पदरात मूल असेल तर आहे. म्हणजे आपल्या बाईंना मिळेल. तिसरा नियम: पण राहण्या-खाण्यासाठी मिळणारं शैक्षणिक कर्ज हे उत्पन्न धरलं जाईल, महिन्याला ११० पौंड सोडून उरलेलं सगळं भत्त्यातून वजा. चौथा नियम भन्नाट आहे. ते कर्ज तुम्ही घेतलंच नाहीत, तरी घेतलं असं समजून वजावट होणार, कारण तुम्हाला ते मिळू शकत होतं.

अजून आहे. तीन वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला ३० तास मोफत पाळणाघर मिळतं, पण पूर्ण ३० तास फक्त नोकरी करणाऱ्या पालकांना. या बाई दिवसभर वर्गात उभ्या असल्या तरी कागदावर नोकरी करत नाहीत. विद्यार्थी-पालकांसाठीची पाळणाघराची मदत वेगळी आहे, तिचा अर्ज वेगळा, खातं वेगळं. आणि फिजिक्स शिकवायला येणाऱ्यांना सरकार स्वतःहून शिष्यवृत्ती देतं. २०२३-२४ साली ती २७,००० पौंड होती, करमुक्त. त्याच वर्षी इतिहास शिकवायला निघालेल्याला शून्य.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये इतके इफ-एल्स एकावर एक रचलेले दिसले की एक गोष्ट नक्की कळते: हे एका बैठकीत कोणी लिहिलेलं नाही. दर अटीमागे एक तारीख असते आणि कुणाची तरी भीती असते. तसंच इथेही असणार म्हणून मी मागे मागे जात राहिलो, तो थेट १८३४ सालात जाऊन थांबलो.

त्या वर्षी ब्रिटनने गरिबांना मदत करण्याचा कायदा नव्याने लिहिला. नॅसो सीनियर आणि एडविन चॅडविक यांच्या अहवालावर तो उभा होता. त्यातलं मुख्य तत्त्व ‘लेस एलिजिबिलिटी’ या नावाने प्रसिद्ध आहे. आज आपण ‘एलिजिबल’ म्हणजे पात्र असं समजतो. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ होता ‘निवडावासा वाटेल असा’. लग्नाच्या बाजारातला ‘एलिजिबल बॅचलर’ म्हणतात ना, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. तत्त्व असं, की सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाची अवस्था ही सर्वांत गरीब कष्टकऱ्याच्या अवस्थेपेक्षा कमी निवडण्याजोगी असली पाहिजे. मदत हवी तर वर्कहाउसमध्ये या. तिथे नवरा-बायको वेगळे, मुलं वेगळी, जेवण बेचव, गणवेश सारखा. कोणी हौसेने येऊ नये एवढी काळजी घेतलेली.

पण वर्कहाउसमध्ये हजारो मुलं होती, आणि मुलांच्या बाबतीत हे तत्त्व अडकायचं. त्यांना बरी शाळा दिली, तर बाहेरच्या शेतमजुराच्या मुलाला जी शाळा मिळत नाही ती आतल्या मुलाला मिळणार. नाही दिली, तर ही मुलं मोठी होऊन पुन्हा वर्कहाउसच्याच दारात येणार.

या पेचात सापडलेला अधिकारी म्हणजे डॉ. जेम्स के. मँचेस्टरच्या गिरणी वस्त्यांमध्ये त्याने डॉक्टरकी केली होती, कॉलऱ्याची साथ पाहिली होती, आणि १८३२ साली तिथल्या कामगारांच्या अवस्थेवर एक गाजलेली पुस्तिका लिहिली होती. नंतर तो नॉरफोक आणि सफोक या भागांत वर्कहाउसची देखरेख करणारा सहायक आयुक्त झाला. (१८४२ मध्ये लग्न झाल्यावर त्याने बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडलं आणि तो के-शटलवर्थ झाला. इतिहासात तो याच नावाने ओळखला जातो. मागे इस्टेट होती हे खरं, पण तरी.) त्याचा युक्तिवाद असा होता, की मूल गरीब आहे यात त्याचा काही दोष नाही, म्हणून मदत बेचव करण्याचं तत्त्व त्याला लावू नये. करदात्यांना मात्र तो वेगळ्या भाषेत सांगायचा: आज शिकवलंत तर उद्याचा खर्च वाचेल. वरच्याकडून बजेट मंजूर करून घ्यायची ही रीत तेव्हाही हीच होती.

नॉरफोकमधल्या ग्रेसनहॉल वर्कहाउसची एक हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. तिथला मास्तर आजारी पडला, तेव्हा विल्यम रश नावाच्या तेरा-एक वर्षांच्या मुलाने वर्ग सांभाळला, आणि बरा सांभाळला. के-शटलवर्थच्या डोक्यात तिथे ठिणगी पडली. पुढे हॉलंडमध्ये जाऊन त्याने पाहिलं, की तिकडे मोठी मुलं मास्तरच्या हाताखाली उमेदवारी करत करतच मास्तर होतात. ‘उमेदवारी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. निवडणुकीने तो पळवून नेण्याआधी मराठीत त्याचा अर्थ हाच होता: कुणाच्या तरी हाताखाली, कमी पैशात किंवा फुकट, काम शिकणं.

मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना तशी नवी नव्हती. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या लष्करी अनाथालयात ती वापरली होती आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली होती. मद्रासकडच्या गावठी शाळेत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं त्याने पाहिली आणि तिथून त्याला हे सुचलं. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच. पण बेलच्या पद्धतीत शिकवणारी पोरं फार लहान असत आणि ती दुसऱ्या दिवशी येतील याची खात्री नसे. कारण साधं होतं, त्यांना पैसे मिळत नसत. के-शटलवर्थने जो बदल केला तो हा. त्याने पोरांना पगार दिला.

आधी १८४० साली त्याने मित्र टफनेलबरोबर लंडनजवळ बॅटरसीला स्वतःच्या खर्चाने शिक्षक घडवणारी शाळा काढली. पहिले विद्यार्थी नॉरवुडच्या वर्कहाउस-शाळेतली मुलं. पहाटे उठायचं, बागेत खोदकाम करायचं, जनावरं सांभाळायची, साधं खायचं. भविष्यातल्या मास्तरला ज्ञान तर द्यायचं, पण त्या ज्ञानाने त्याच्या डोक्यात हवा जाता कामा नये, ही चिंता त्या दिनक्रमात सगळीकडे दिसते. गरिबांना शिकवणारा माणूस गरिबांमधूनच उचलायचा, शिकवून वर आणायचा, पण फार वर नाही. हे वाक्य माझं आहे. पण त्या काळचे सरकारी कागद वाचले की ते दर पानावर पुसट छापलेलं दिसतं.

१८४६ साली के-शटलवर्थ सरकारच्या शिक्षण समितीचा सचिव होता. त्या वर्षीच्या ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये समितीने जे ठराव केले, त्यांतून ‘प्युपिल-टीचर’ नावाचा प्राणी जन्माला आला. वय किमान १३. पाच वर्षांचा करार. दिवसा वर्ग शिकवायचा, आणि मास्तरने शाळेच्या वेळेबाहेर त्याला शिकवायचं. सरकारकडून पहिल्या वर्षी १० पौंड, मग दरवर्षी अडीच पौंड वाढ, पाचव्या वर्षी २०. पहिल्या वर्षाचा हिशेब आठवड्याला जेमतेम चार शिलिंग होतो. पाच वर्षांनी परीक्षा. तीत निवड झाली तर ‘क्वीन्स स्कॉलरशिप’, म्हणजे प्रशिक्षण कॉलेजात राहून शिकण्यासाठी वर्षाला २० किंवा २५ पौंड.

कष्टकऱ्यांच्या मुलांना तेराव्या वर्षानंतर शिकता यावं म्हणून ब्रिटिश सरकारने थेट त्यांच्या हातात पैसे ठेवल्याचा हा पहिला मोठा प्रसंग. आणि त्याची पात्रता-यादी वाचण्यासारखी आहे. वाचन ओघवतं हवं, शुद्धलेखन हवं, चार मूलभूत गणिती क्रिया आणि वजनमापांचे तक्ते यायला हवेत, साध्या वाक्यातली पदं ओळखता यायला हवीत, थोडा भूगोल हवा, चर्चच्या शाळेत असाल तर धर्माची प्रश्नोत्तरं पाठ हवीत. मुलींना याशिवाय नीट शिवता आणि विणता आलं पाहिजे. शिकवण्यात अडथळा येईल असं शारीरिक व्यंग नको. इथपर्यंत ठीक, त्या काळाच्या मानाने. पुढे मात्र शाळेच्या व्यवस्थापकांनी उमेदवाराच्या चारित्र्याबरोबर त्याच्या कुटुंबाच्या चारित्र्याचीही हमी द्यायची होती. आईबापांचं उदाहरण शाळेच्या शिकवणीला पूरक ठरेल अशी खात्री नसेल, तर पोराने घर सोडून कुठल्या तरी मान्य कुटुंबात राहायचं. दरवर्षी व्यवस्थापकांकडून चांगल्या वर्तनाचा दाखला, मास्तरकडून वक्तशीरपणा आणि आज्ञाधारकपणाचा दाखला, पाद्र्याकडून धर्माचरणाचा दाखला. दाखले आले की पैसे.

आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगा लावल्या आहेत, त्यांना एक फरक लगेच जाणवेल. १८४६ च्या यादीत उत्पन्नाचा दाखला नाही. बाप किती कमावतो हे कोणी विचारत नव्हतं. बाप कसा आहे हे विचारत होते. गरिबी गृहीतच होती. श्रीमंताचं पोरगं चार शिलिंगांसाठी येणार नव्हतं.

ही पहिली पिढी कॉलेजांतून बाहेर पडू लागली तेव्हा साहित्याने तिची बरीच टर उडवली. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’मधला (१८५४) मास्तर मॅकचोकमचाइल्ड हा याच साच्यातून निघालेला आहे. माहिती ठासून भरलेली, बाकी रिकामा. दहा वर्षांनी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये डिकन्सने ब्रॅडली हेडस्टोन रंगवला, एकेकाळचा निराधार पोरगा, कष्टाने झालेला मास्तर, आतून सतत धुमसणारा. डिकन्स गरिबांच्या बाजूचा लेखक, पण सरकारी पैशाने शिकून वर आलेला गरीब त्यालाही जरा खुपतो. हेडस्टोन वाचताना मला डिकन्सचा राग येतो.

मग १८६२ आलं. शिक्षणाचा खर्च वाढत चालला होता. रॉबर्ट लो या मंत्र्याने नियमावलीच बदलली. यापुढे अनुदान निकालावर. वर्षाअखेरीस इन्स्पेक्टर येणार, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणित यांत परीक्षा घेणार, आणि एका विषयात एक मूल नापास झालं की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स कापणार. आजच्या भाषेत केपीआय. या बदलात प्युपिल-टीचरला सरकारकडून थेट मिळणारा भत्ता गेला. आता शाळेच्या व्यवस्थापकांशी त्याने स्वतःच घासाघीस करायची. कालपर्यंत तो सरकारच्या पैशावर शिकणारा होता, आज मिळेल त्या पैशात राबणारा नोकर झाला. मुलगा तोच, वर्ग तोच, खडूही तोच. कॉलेजांनाही पैसे उलट्या दिशेने मिळू लागले: विद्यार्थी बाहेर पडून उमेदीची दोन वर्षं नीट शिकवून दाखवतील तेव्हा पुरुषामागे १०० पौंड, बाईमागे ७०.

बाईमागे ७० का, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही, कारण प्रश्नच कुणी विचारला नव्हता. १८४६ च्या ठरावांतही प्रमाणपत्रधारक शिक्षिकेचं अनुदान शिक्षकाच्या दोन-तृतीयांश होतं. आणि तरी शतक सरता सरता प्युपिल-टीचरांमध्ये मुलींचीच बहुसंख्या झाली. मुलांना कारकुनीच्या नोकऱ्या खुल्या होत होत्या. कष्टकरी घरातल्या हुशार मुलीला पुढे शिकायचं असेल, तर घरकाम आणि गिरणी सोडून हा एकच दरवाजा होता.

टॉमस हार्डीच्या दोन्ही बहिणी, मेरी आणि केट, याच दरवाज्यातून सॉल्झबरीच्या प्रशिक्षण कॉलेजात गेल्या. ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मधली (१८९५) सू ब्राइडहेड जिथे शिकायला जाते ते मेल्चेस्टरचं कॉलेज त्यावरूनच बेतलेलं आहे. एक रात्र बाहेर राहिली म्हणून सूला खोलीत कोंडतात, आणि ती मागच्या खिडकीतून उतरून, नदी ओलांडून पळते. सरकारी पैशावर शिकणाऱ्या मुलीचं चारित्र्य ही सार्वजनिक मालमत्ता कशी होती, हे हार्डीला घरच्या माहितीतून ठाऊक असणार.

इथे जरा आपल्याकडे येऊ, कारण ही पद्धत बोटीत बसून आपल्याकडेही आली. १८५४ च्या वुडच्या खलित्यात, ज्याला आपण शाळेत ‘भारतीय शिक्षणाचा मॅग्ना कार्टा’ म्हणून पाठ केलं, स्पष्ट सूचना आहे, की शिक्षक घडवण्यासाठी ब्रिटनसारखीच योजना इथे आणावी: होतकरू मुलं निवडावीत, त्यांना छोटासा स्टायपेंड द्यावा, मास्तरांना त्यांच्या शिकवणीबद्दल थोडे पैसे द्यावेत आणि लायक ठरणाऱ्यांना पुढे नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावं. मागोमाग लोसाहेबांची निकालावर अनुदान देण्याची पद्धतही मुंबई इलाख्यात खासगी शाळांना लागू झाली.

तिच्यावरची सगळ्यात मुद्देसूद टीका पुण्यातून झाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी सांगितलं, की निकालावर पैसे देण्याची पद्धत अशिक्षित आणि गरीब समाजाला उपयोगाची नाही. अशा वस्तीत कोणी मास्तर स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणार नाही, कारण त्यात त्याचं पोट भरणार नाही. प्राथमिक शिक्षक हा प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी जातींमधला असावा, लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराला हात घालणारा. आणि त्याला महिना १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावात १५-२० असावा. के-शटलवर्थलाही गरिबांमधूनच मास्तर हवा होता. पण त्याला तो नम्र राहायला हवा होता म्हणून. फुल्यांना तो लोकांचं दुखणं कळावं म्हणून. आणि फुल्यांच्या यादीत पात्रतेच्या शेजारी पगाराचा किमान आकडा आहे. सरकारी कागदांत हे दोन रकाने सहसा वेगवेगळ्या पानांवर असतात.

या उमेदवारीचा आपल्याकडचा ताजा अवतार म्हणजे शिक्षण सेवक. २००० साली महाराष्ट्र सरकारने योजना आणली: डी.एड. होऊन नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं ‘शिक्षक’ नाही, ‘सेवक’. प्राथमिकला महिना ३,००० रुपये मानधन. वेतन नाही, मानधन. कारण वेतन म्हटलं की वेतनश्रेणी आली. आमच्या पिढीने गावोगाव निघालेली डी.एड. कॉलेजं पाहिली, मग थांबलेली भरती पाहिली, आणि त्यातून मार्ग निघाला तर पुढे हे सेवकपण. विद्यार्थी म्हणून सवलत नाही, नोकर म्हणून पगार नाही. २०२३ मध्ये ते मानधन १६,००० झालं.

परत इंग्लंड. १९०१ मध्ये राणी गेली, राजा आला, स्कॉलरशिपचं नाव ‘किंग्ज स्कॉलरशिप’ झालं. डिसेंबर १९०४ मध्ये ती परीक्षा नॉटिंगहॅमशरच्या ईस्टवूड गावातल्या एका खाणकामगाराच्या मुलाने दिली आणि पहिल्या वर्गात पहिल्या श्रेणीत आला. डी. एच. लॉरेन्स. पात्रता सिद्ध झाली, पण तो लगेच कॉलेजात गेला नाही. प्रवेशाच्या वेळी २० पौंड आगाऊ भरायचे होते आणि ते घरात नव्हते. मग वर्षभर त्याने गावातल्या शाळेत बिनप्रशिक्षित मास्तर म्हणून काम केलं, पैसे साठवले आणि १९०६ मध्ये नॉटिंगहॅमच्या कॉलेजात दाखल झाला. शिष्यवृत्ती मिळालेला मुलगा शिष्यवृत्ती वापरण्याइतके पैसे नाहीत म्हणून वर्षभर थांबतो. इकडे ज्यांची फी ‘शासन नंतर भरेल’, पण कॉलेजला आधी हवी असते, त्यांना लॉरेन्सची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या सगळ्याला एक नवी अट जोडली गेली. लोक तिला नुसतं ‘प्लेज’ म्हणत. सरकार विद्यापीठाची तीन वर्षं आणि प्रशिक्षणाचं एक, अशी चार वर्षं पैसे देणार. बदल्यात अठराव्या वर्षीच लिहून द्यायचं, की शिकून झाल्यावर ठराविक वर्षं सरकारमान्य शाळेत शिकवेन. ज्या मुलाला खरं म्हणजे रसायनशास्त्रज्ञ व्हायचं आहे, पण विद्यापीठात जायला पैसे नाहीत, त्याच्यापुढे हाच कागद. सही केली की पदवी. कितीतरी जणांनी शिक्षक होण्यासाठी नाही, तर विद्यापीठ पाहण्यासाठी ही सही केली. शिवाय अनेक ठिकाणी शिक्षिकेचं लग्न झालं की तिला राजीनामा द्यावा लागे. म्हणजे एका हाताने शिकवण्याचं वचन घ्यायचं आणि लग्नानंतर दुसऱ्या हाताने बाहेर काढायचं. लग्नाची ती अट १९४४ च्या शिक्षण कायद्याने गेली. त्याच वर्षी मॅकनेअर समितीने हे वचन घेणंही बंद करा म्हणून सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत ते गेलं.

युद्ध संपलं तेव्हा शिक्षक कमी होते आणि १९४७ पासून शाळा सोडण्याचं वय १५ होणार होतं. सरकारने घाईची योजना काढली: एका वर्षात शिक्षक. सैन्यातून परतलेले पुरुष, बायका, कोणीही अर्ज करा. जुन्या वाड्यांत आणि मिळेल त्या इमारतींत कॉलेजं भरली. फी नाही, राहण्या-खाण्याचा भत्ता, आणि बायको-मुलं असतील तर त्यांच्यासाठीही भत्ता. १९५१ पर्यंत सुमारे ३५,००० शिक्षक या योजनेतून बाहेर पडले. पदरात मूल असलेल्या मोठ्या माणसाला शिक्षक व्हायचं असू शकतं, हे या योजनेने गृहीत धरलं होतं. एवढा सरळ विचार या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत मला दुसरीकडे सापडला नाही, आणि तो फक्त सहा वर्षं टिकला.

पुढचं थोडक्यात. १९६२ च्या कायद्याने पदवीच्या विद्यार्थ्यांना अनुदान मिळू लागलं, पुढे पीजीसीईवाल्यांनाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत अनुदान पुरत नसे तेव्हा विद्यार्थी बेरोजगार भत्त्यासाठी नाव नोंदवायचे. १९९० मध्ये थॅचर सरकारने विद्यार्थी-कर्ज आणलं आणि त्याच फटक्यात पूर्णवेळ विद्यार्थ्यांना घरभाड्याचा भत्ता, उत्पन्न-आधार, बेरोजगार भत्ता या सगळ्यांतून बाहेर काढलं. एकटे पालक आणि अपंग विद्यार्थी असे काही अपवाद ठेवले. सुरुवातीला पाहिलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या पहिल्या दोन नियमांचं मूळ हे. विद्यार्थी म्हणजे अठरा वर्षांचा, बापाच्या घरी परत जाऊ शकणारा मुलगा, असं चित्र या नियमामागे आहे.

पण अठरा वर्षांच्या मुलावर बेतलेला नियम बत्तीस वर्षांच्या शिकाऊ शिक्षिकेला बसेना. लोक येईनासे झाले. सन २००० मध्ये ब्लेअर सरकारने पीजीसीई करणाऱ्यांना ६,००० पौंड द्यायचं ठरवलं. जाहीर करताना त्याला नाव दिलं ‘ट्रेनिंग सॅलरी’. सॅलरी म्हटलं की कर, विमा, निवृत्तिवेतन, कामगाराचे हक्क, सगळी फौज मागे येते. नंतर नाव झालं ‘बर्सरी’. मानधन आणि वेतन यांच्यातला फरक आपल्याला माहीतच आहे. २०१० नंतर ही बर्सरी शेअर बाजारासारखी हलू लागली. २०१६-१७ मध्ये फिजिक्समध्ये प्रथम वर्ग असेल तर ३०,००० पौंड. २०२१-२२ मध्ये इंग्रजी विषयाची शून्यावर आली. कोणत्या वर्षी जन्मलात आणि कोणता विषय आवडला, यावर तुम्हाला शिक्षक होणं परवडेल का ते ठरतं.

दरम्यान काही शाळा शिकाऊ शिक्षकाला ‘बिनप्रशिक्षित शिक्षक’ म्हणून पगारावर घेऊनही शिकवतात. लॉरेन्सने १९०५ मध्ये केली तीच ही नोकरी, फक्त प्रशिक्षण आता सोबतच. म्हणजे एकाच शाळेत शेजारच्या दोन वर्गांत दोन शिकाऊ शिक्षिका असू शकतात. एकीला पगार आहे, म्हणून ती नोकरदार, म्हणून तिच्या मुलीला पाळणाघराचे ३० तास. दुसरी नऊ हजार पौंड भरून त्याच शाळेत उभी आहे, म्हणून ती विद्यार्थिनी, म्हणून तिने न घेतलेलं कर्जही तिचं उत्पन्न. सातवी ‘अ’ आणि सातवी ‘ब’च्या मुलांना यातलं काही दिसत नाही.

२०२५ च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये आणखी एक मार्ग सुरू झाला. पदवी नसलेल्यानेही यावं, शाळेत पगारावर काम करावं, साधारण ४० टक्के वेळ अभ्यासाला द्यावा, आणि पदवी आणि शिक्षकी पात्रता दोन्ही मिळवावी. फी नाही, त्यामुळे कर्जही नाही, आणि नियमांच्या दृष्टीने तो माणूस सरळ नोकरदार. त्याला नाव दिलंय ‘टीचर डिग्री अप्रेंटिसशिप’. विल्यम रशला जी उमेदवारी करताना के-शटलवर्थने पाहिलं, ती १८४६ च्या करारात पाच वर्षांची होती. या नव्या करारात चार वर्षं आहेत, आणि आईबापांबद्दल कोणी काही विचारत नाही.